आमच्या तळ्यात दोन जातींचे पाणकावळे आहेत. त्यातला एक तरी धोक्यात आहे का?

तळ्याकाठचा_मास्तर | 18 ऑगस्ट

नमस्कार मंडळी. इंदापूर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवतो. गावाचं नाव देत नाही, प्रकरण अजून गरम आहे.

गावाला जुना पाझर तलाव आहे. पाणी चढलं की काठच्या बाभळी कमरेइतक्या पाण्यात उभ्या राहतात आणि जुलैपासून त्यांच्यावर बगळे, ढोकरी, पाणकावळे घरटी करतात. यंदा तलाव मासेमारीच्या ठेक्यानं गेला. ठेकेदारानं कटला-रोहूचं बीज सोडलं आणि थोड्याच दिवसांत तक्रार सुरू केली की पाणकावळे सगळं बीज खाऊन टाकतात. आधी फटाके लावून झाले. मग "बाभळीच काढून टाका" अशी मागणी घेऊन माणसं 15 ऑगस्टच्या ग्रामसभेला आली.

मी उठून म्हणालो, वीण चालू आहे, आत्ता झाडांना हात लावू नका. तर मागून एकानं विचारलं, "मास्तर, हे काय माळढोक आहेत का? कुठल्या यादीत नाव आहे ते दाखवा." तिथल्या तिथं फोनवर शोधलं. छोटा पाणकावळा, आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग-संवर्धन संघटनेची धोक्यातल्या जातींची लाल यादी, 'लीस्ट कन्सर्न', म्हणजे सगळ्यांत कमी काळजीचा गट. ते वाचून दाखवल्यावर सभेत हशा पिकला. विषय पुढच्या सभेवर ढकलला गेला, एवढंच पदरात पडलं.

पण माझ्या मते तलावावर एक नाही, दोन जाती आहेत. एक बुटका, गुबगुबीत. दुसरा जरा लांबट आणि चोचीनं बारीक. सातवीतली एक मुलगी म्हणाली, "सर, त्या लांबट्याचे डोळे हिरवे आहेत." दुर्बिणीतून पाहिलं तर खरंच. दुर्बिणीला मोबाईल लावून काढलेले पाच फोटो खाली टाकतोय, धुरकट आहेत, सांभाळून घ्या.

हे दोन वेगळे पक्षी आहेत का? आणि दुसऱ्याची अवस्था पहिल्यापेक्षा नाजूक आहे का? असेल तर सभेत सांगायला मला काहीतरी मिळेल.

---

निवृत्त_कालवा | 18 ऑगस्ट

मास्तर, त्या मुलीला माझ्याकडून एक दोनशे पानी वही द्या. दुसरा आणि चौथा फोटो भारतीय पाणकावळ्याचा आहे, बाकीचे छोट्याचे.

माझी सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात, कालव्यावर गेली. सायफनच्या तोंडाशी, दरवाजांच्या खाली, जिथं पाणी पडतं आणि मासा गोंधळतो तिथं हे दोघंही ठरलेले. पुस्तक हातात यायच्या आधीपासून यांची तोंडओळख आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

आकारावरून निवाडा करू नका. छोटा साधारण 50 सेंटीमीटरचा, भारतीय 60 ते 65 चा. दोघं शेजारी बसले तर फरक दिसतो, एकटा बसला की चांगले चांगले फसतात. चोच बघा. छोट्याची चोच आखूड आणि ठोंबी, कपाळ उभं, त्यामुळे डोकं चौकोनी वाटतं, मानही आखूड. भारतीयाची चोच लांब, सडपातळ, टोकाला बारीक आकडा. त्याचं कपाळ उतरत उतरत चोचीला मिळतं. शेपूट लांब. ऊन पाठीवर असेल तर पाठीच्या पिसांच्या काळ्या कडा उठून दिसतात, खवले मांडल्यासारखी नक्षी. डोळा छोट्याचा तपकिरी, भारतीयाचा निळसर हिरवा.

मात्र नुसत्या हिरव्या डोळ्यावर शिक्का मारू नका, कारण तिसरा भाऊ आहे, मोठा पाणकावळा. त्याचा डोळाही हिरवाच. तो 80 सेंटीमीटरच्या पुढचा, धिप्पाड, चोचीच्या मुळाशी पिवळी कातडी आणि तिला लागून पांढरा पट्टा. हिवाळ्यात उजनीच्या फुगवट्यावर, वाळक्या झाडांच्या खोडांवर बसलेला सापडेल. तुमच्या पाझर तलावात ऑगस्टमध्ये तो येण्याची शक्यता कमी.

सध्या विणीचा पोशाख आहे त्यामुळे काम सोपं. छोट्याच्या चेहऱ्यावर तुरळक पांढरी पिसं विखुरलेली असतात आणि बाकी अंग चकचकीत काळं. भारतीयाच्या डोळ्यामागे, कानापाशी, पांढऱ्या पिसांचा छोटा झुपका. दिवाळीनंतर दोघांचंही तेज उतरतं. छोटा तपकिरी होतो, हनुवटी पांढरी पडते. भारतीयाच्या गळ्याची उघडी कातडी पिवळसर दिसायला लागते. त्याची पहिल्या वर्षाची पिल्लं पोटाकडून मळकट पांढरी असतात. दर हिवाळ्यात कुणीतरी त्या पिल्लाचा फोटो टाकून "ही नवी जात कोणती" म्हणून विचारतंच.

खाण्याची रीतही निराळी. छोटा उथळ पाण्याचा गडी, हातभर पाणी त्याला पुरतं. बहुतेक एकटा, नाहीतर तीन-चार जण. लहान मासे, बेडकाची पिल्लं, कोळंबी, पाण्यातले किडे, काहीही चालतं. भारतीय जास्त करून टोळीनं शिकार करतो. ओळ धरून पोहत जातात, मासा पुढं रेटतात, मग एकामागून एक बुड्या.

आणि तुम्ही समजता तितके हे जवळचे नाहीत. जुन्या पुस्तकांत दोघंही फॅलॅक्रोकोरॅक्स या एकाच प्रजातीखाली आहेत. आता छोट्याला मायक्रोकार्बो नायजर म्हणतात, भारतीय मात्र फॅलॅक्रोकोरॅक्स फस्सिकोलिसच राहिला. डीएनए तपासल्यावर दिसलं की मायक्रोकार्बो ही पाणकावळ्यांच्या वंशवृक्षाची फार लवकर फुटलेली फांदी आहे. त्या फांदीवर पाच जण: आपला छोटा, युरोप-पश्चिम आशियाकडचा पिग्मी, आफ्रिकेतले रीड आणि क्राउन्ड, आणि ऑस्ट्रेलियाकडचा काळा-पांढरा लिट्ल पाइड. म्हणजे तुमच्या बाभळीवर मांडीला मांडी लावून बसलेल्या भारतीयाचं जवळचं नातं त्या उजनीवरच्या थोराड पाहुण्याशी, या छोट्याशी नाही.

आता यादीचं. तुम्हाला आवडणार नाही, पण दोघंही 'लीस्ट कन्सर्न'मध्येच आहेत. भारतीय पाणकावळा भारत, श्रीलंका, बांगलादेशापासून थायलंड-कंबोडियापर्यंत आहे. छोटा पाकिस्तानपासून जावापर्यंत. एवढा पसारा असला की यादीत वर चढणं अवघड.

यादी कशी बनते ते एकदा बघून ठेवा, सभेत उपयोगी पडेल. 'व्हल्नरेबल' ही धोक्याची पहिली पायरी. तिथं जायला काही ठरलेल्या अटी आहेत आणि त्यातली एक पुरी झाली तरी चालते. दहा वर्षांत किंवा तीन पिढ्यांत (यातलं जे जास्त असेल त्यात) संख्या 30 टक्क्यांनी घटलेली असणं ही एक. किंवा एकूण पसारा 20,000 चौरस किलोमीटरच्या आत आणि तोही तुकड्या-तुकड्यांत, घसरणीला लागलेला. किंवा प्रौढ पक्षी दहा हजारांच्या आत आणि तेही कमी होत चाललेले. किंवा सरळ एक हजाराच्या आत. हा सगळा हिशेब अख्ख्या जगातल्या जातीचा. तुमच्या तलावावरच्या सगळ्या बाभळी उद्या पडल्या तरी त्यात एका दशांशाचा फरक पडणार नाही. म्हणून ज्यानं "कुठल्या यादीत आहे" असं विचारलं त्यानं तुम्हाला बरोबर कोपऱ्यात घेतलं. त्या कोपऱ्यात उभं राहून वाद घालू नका. बाहेर यायची वाट दुसरी आहे, कायद्याची. फोटो नीट आले तर त्यावर सवडीनं लिहितो.

---

नावाडी_भिगवण | 19 ऑगस्ट

मी भोई. आजोबांनी भीमेत जाळं टाकलं, वडिलांनी उजनीत. मी सीझनला फ्लेमिंगो दाखवायला नाव चालवतो आणि बाकी वर्षभर मासे. म्हणून दोन्हीकडचं बोलतो, राग मानू नका.

मास्तर, ठेकेदार सगळाच खोटा नाही. बीज सोडलं की पाणकावळा येतोच. त्यातही छोट्याला मी कमी दोष देईन. तो काठाच्या गवतात बारक्या मासळीवर असतो, चिलापीची पिल्लं खातो, आणि चिलापी कमी झाली तर कटल्याला बरंच. लांबट्यांची टोळी आली की मात्र पाणी उकळल्यागत दिसतं. आमच्याकडं फुगवट्यात पाणी अफाट आहे म्हणून एवढं जाणवत नाही. तुमच्या दहा-पंधरा एकराच्या तळ्यात जाणवणार.

पण प्रश्न असा आहे की त्यानं सोडलं काय? जिरे (अंड्यातून नुकतंच निघालेलं पिल्लू) सोडले, त्याहून जरा मोठं बीज सोडलं का बोटाएवढी बोटुकली? पैसे वाचवायला माणसं बारीक बीज टाकतात. ते पाणकावळा खातो, मरळ खाते, वाम खाते, बेडूकसुद्धा खातो, आणि नाव फक्त पाणकावळ्याचं होतं कारण तो वर बसलेला दिसतो. बोटुकली चांगली चार बोटांएवढी वाढवून सोडली तर छोट्याला ती गिळणं जड जातं. आधी काठाला हापा (पाण्यात बांधलेला जाळीचा पिंजरा) बांधून त्यात वाढवायची, वर जुनं जाळं पसरायचं, मग तळ्यात सोडायची. खर्च आहे, नाही असं नाही. शेततळ्यावर आम्ही आडव्या दोऱ्या ताणतो, तिथं ते जमतं. मोठ्या तळ्यावर जमणार नाही.

फटाक्यानं पाणकावळा दोन दिवस उडतो, तिसऱ्या दिवशी परत. बगळ्याची पिल्लं मात्र घाबरून घरट्यातून खाली पडतात.

आणि एक. पाणकावळा मरतो तो जास्त करून तंगूसच्या, म्हणजे बारीक नायलॉन धाग्याच्या जाळ्यात. बुडी मारतो, जाळं दिसत नाही, अडकला की संपला. सकाळी जाळं ओढलं की एखादा निघतो. आम्ही कुणीच ते मोजत नाही आणि सांगतही नाही.

---

शारजाहकर | 19 ऑगस्ट

मूळचा चिपळूणचा, कामाला शारजाहत. एसीचं काम, पण शुक्रवार... म्हणजे आता रविवार, पक्ष्यांचा. तुमच्या चर्चेत परदेशातलं घुसवतोय, पण निवृत्त_कालवा यांनी वर ज्या अटी दिल्यात त्यांचं उदाहरण इथं रोज खिडकीसमोरून उडत जातं.

इथं दोन पाणकावळे दिसतात. एक तोच मोठा पाणकावळा, हिवाळ्यात येणारा. दुसरा सोकोत्रा पाणकावळा, इथलाच. उंचीला मोठ्यापेक्षा किंचित कमी, अंगानं सडपातळ, आणि चोचीच्या मुळाशी पिवळं-पांढरं काही नाही, सगळं काळं. लांबून ओळखायचं तर रांग बघायची. सोकोत्रा शेकड्यांनी, कधी हजारांनी, पाण्याला चिकटून लांबलचक रांगेत जातात. मोठा सहसा असा जात नाही.

मोठा पाणकावळा 'लीस्ट कन्सर्न', आणि जगभर वाढतोय. युरोपात 1979 च्या पक्षी-निर्देशानं त्याला संरक्षण मिळालं, त्यानंतर तो इतका वाढला की तिथले मत्स्यपालक आज तुमच्या ठेकेदारासारखंच बोलतात आणि काही देशांत सरकारी परवानगीनं त्याला मारतात. सोकोत्रा मात्र 'व्हल्नरेबल'. आता गंमत बघा, सोकोत्राच्या जगात मिळून लाखभर जोड्या आहेत. इथं समुद्रावर उभं राहिलं तर वाटेल की हा कसला धोक्यात, आकाश काळं झालंय.

कारण घरटी. हा झाडावर घरटं करत नाही, जमिनीवर करतो. उघड्या, वाळूच्या, निर्जन बेटांवर वाळूत खळगा करून हजारोंच्या वस्त्या. अशी बेटं आखातात आणि अरबी किनाऱ्यावर हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकीच उरली आहेत. सगळ्यांत मोठी वस्ती बहारीनच्या हवार बेटांवर. हीच ती बेटं ज्यांच्यावरून बहारीन आणि कतार आंतरराष्ट्रीय न्यायालयात भांडत होते. 2001 मध्ये निकाल बहारीनच्या बाजूनं लागला. त्याआधी 1997 मध्ये ती रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आली होती. आमच्या अमिरातीतली मोठी वस्ती उम्म अल क्वैनच्या सिनिया बेटावर. शहरापासून इतकं जवळ की काठावरून घरं दिसतात. तिथं कोल्हे आणि रानटी झालेली मांजरं पोचली. जमिनीवरच्या घरट्याला मांजर म्हणजे काळच. बाकी बेटांवर हॉटेलं, बंगले, भराव. वस्ती एकदा उठली की पक्ष्यांना पर्यायी बेट मिळेलच असं नाही.

शिवाय तेल. 1991 च्या आखाती युद्धात समुद्रात तेल गेलं तेव्हा सौदीच्या किनाऱ्यावर माखून मेलेल्या पक्ष्यांत पाणकावळे पुष्कळ होते. हजारोंनी एकत्र राहणाऱ्याचं नुकसानही एकदम हजारोंनीच होतं.

तेव्हा मास्तर, सभेत कुणी "हे तर ढिगानं आहेत" म्हणालं तर हे सांगा. ढीग किती मोठा यापेक्षा तो किती जागांवर आहे हे बघावं लागतं. तुमचे दोन्ही पाणकावळे सुदैवी, त्यांना कुठलीही बाभूळ चालते.

---

निवृत्त_कालवा | 19 ऑगस्ट

शारजाहकर, छान लिहिलंत. शेवटच्या वाक्याला माझी हरकत आहे. कुठलीही बाभूळ चालत नाही. शक्यतो पाण्यात उभी असलेली बाभूळ लागते. पाण्यामुळे मांजर, मुंगूस, कुत्रा, पोरंसोरं वर येत नाहीत. तुमच्याकडं बेट आहे, आमच्याकडं पाण्यातलं झाड हेच बेट. तळं आटलं किंवा झाड कोरड्यावर आलं की वस्ती बहुधा मोडते. भादलवाडीच्या तलावावर चित्रबलाकांचं सारंगागार, म्हणजे झाडांवरची घरट्यांची मोठी वस्ती आहे, त्याचंही गणित हेच. पाणी असेल तर पक्षी, नाहीतर नुसत्या बाभळी.

---

तळ्याकाठचा_मास्तर | 20 ऑगस्ट

सगळ्यांचे मनापासून आभार. नावाडीदादा, चौकशी केली. सोडलं ते बीजच होतं, बोटुकली नव्हती. ठेकेदाराला विचारलं तर म्हणाला, बोटुकलीचा दर परवडत नाही.

काल मुलांना घेऊन काठावर गेलो. बाभळींवर छोट्याची घरटी पुष्कळ, भारतीयाची थोडी, तीही उंच फांद्यांवर. पिल्लं काही घरट्यांत डोकावतायत, काहींत अजून पक्षी बसून आहे. आई-बाप दोघंही आलटून पालटून बसतात असं मुलांचं म्हणणं पडलं, पण दोघं सारखेच दिसत असल्यामुळे खात्री कशी करायची यावर भांडण झालं.

निवृत्त_कालवा काका, ती कायद्याची वाट सांगा. पुढची सभा 2 ऑक्टोबरला. आणि मला ठेकेदाराशी वैर नको आहे, त्याचा मुलगा माझ्याच वर्गात आहे.

---

निवृत्त_कालवा | 21 ऑगस्ट

मुलांचं बरोबर आहे, नर-मादी दोघंही अंडी उबवतात. जागा बदलताना येणारा बहुधा काडी घेऊन येतो, मुलांना म्हणावं त्या काडीवर लक्ष ठेवा.

आता वाट. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972. पाणकावळे आधी चौथ्या अनुसूचीत होते. 2022 च्या दुरुस्तीनं अनुसूचींची मांडणी बदलली, पण संरक्षण गेलेलं नाही. महत्त्वाचं आहे ते कलम 2 मधलं 'शिकार' या शब्दाचं स्पष्टीकरण. त्यात बंदूक मारणं येतंच, पण पक्ष्याची अंडी फोडणं, आणि अंडी किंवा घरटी विस्कटणं हेसुद्धा शिकारीतच धरलंय. घरटी चालू असताना बाभूळ तोडली तर ते या व्याख्येत बसतं. पक्षी माळढोक आहे की पाणकावळा, लाल यादीत वर आहे की खाली, याचा इथं संबंध नाही. लाल यादी स्वित्झर्लंडमधल्या एका संस्थेची आहे आणि ती कुणाला हातकडी घालत नाही. आपला कायदा घालू शकतो. त्या मागून बोलणाऱ्या गृहस्थांना एवढं एक वाक्य पुरे, आणि ते तुम्ही न बोलता वनरक्षकाकडून वदवून घ्या. परिक्षेत्र कार्यालयात साधा अर्ज द्या, फोटो जोडा, तारखा लिहा. ठेकेदाराचं नाव लिहू नका, "वृक्षतोडीचा प्रस्ताव ग्रामसभेपुढे आहे" एवढंच लिहा. वैर होणार नाही.

दुसरं, तलाव कुणाचा? जिल्हा परिषदेचा की मृद व जलसंधारणचा, ते तलाठ्याकडं किंवा ग्रामपंचायतीत बघा. मासेमारीचा ठेका म्हणजे माशांचा ठेका, झाडांचा नव्हे. करारात झाडं तोडायचा हक्क असेल असं मला वाटत नाही. आयुष्यभर असले करार फायलीत लावलेत. करारनाम्याची प्रत मागा.

तिसरं, जैवविविधता कायदा, 2002. त्याखाली तुमच्या ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि लोक जैवविविधता नोंदवहीसुद्धा. बहुतेक गावांत ही वही कुणातरी संस्थेनं एका दुपारी भरून दिलेली असते आणि कपाटात पडून असते. ती काढायला लावा. त्यात तुमची नोंद चढवा: कोणत्या झाडावर कोणाची किती घरटी, कोणत्या आठवड्यात पिल्लं. सातवीचा वर्ग हे काम तालुक्यातल्या कुठल्याही संस्थेपेक्षा चांगलं करेल. ई-बर्ड या पक्षी-नोंदींच्या संकेतस्थळावरही टाका, दोन्ही जाती वेगळ्या लिहून. नुसतं 'पाणकावळा' लिहिलं तर ती नोंद कोणत्याच खात्यावर जमा होत नाही. आणि जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते, 1987 पासून चालू आहे. त्यातही तुमचं तळं घाला.

चौथं, सभेत सांगायला एक गोष्ट देतो. तमिळनाडूत वेदंतांगल नावाचं गाव आहे, तिथलं तळं तुमच्यासारखंच, झाडं पाण्यात उभी, वर पाणकावळे, बगळे, तिरंदाज (पाणकावळ्यासारखाच, सापासारख्या मानेचा पाणपक्षी) यांची वस्ती. अठराव्या शतकाच्या शेवटी इंग्रज शिपाई तिथं येऊन पक्षी मारायचे. गावकरी कलेक्टरकडं गेले आणि 1798 मध्ये त्यांनी पक्ष्यांच्या संरक्षणाचा लेखी हुकूम मिळवला. यादी नव्हती, अभयारण्य नव्हतं, पर्यावरण हा शब्दही कुणाला ठाऊक नव्हता. गावकऱ्यांचा हिशेब शेतीचा होता. पक्ष्यांची विष्ठा तळ्यात पडते, ते पाणी शेताला सोडलं की पीक जोमात येतं. तुमच्या तलावाखालच्या विहिरींवर ज्यांची शेती आहे त्यांना उठून बोलायला सांगा. ते ठेकेदाराच्या बाजूनं आहेत असं तुम्ही गृहीत धरलेलं दिसतं. विचारून तरी बघा.

आणि भारतीय पाणकावळ्याचंच हवं असेल तर कंबोडिया. तोन्ले साप सरोवराच्या प्रेक तोल भागात बुडालेल्या जंगलात त्याच्या, तिरंदाजांच्या आणि झोळीवाल्यांच्या (पेलिकन) मोठ्या वस्त्या आहेत. तिथं अंडी आणि पिल्लं बाजारात जायची. वस्त्या पार खाली आल्या. मग जे अंडी काढायला झाडावर चढायचे त्यांनाच पगार देऊन राखणीला बसवलं, त्यांच्याकडूनच मोजणी करवली. वस्त्या पुन्हा भरल्या. तिथं संपत आले होते तेव्हाही जगाच्या यादीत हा पक्षी 'लीस्ट कन्सर्न'च होता, हे लक्षात घ्या.

ठेकेदाराशी बोलताना नावाडींचा सल्ला घेऊन जा. मला त्यातलं काही कळत नाही.

---

नावाडी_भिगवण | 21 ऑगस्ट

मी येतो की. गाव कुठलं ते खासगीत कळवा. बोटुकलीचा दर त्याला जास्त वाटतो कारण तो खासगीतून घेतोय. सरकारी मत्स्यबीज केंद्रात चौकशी करायला सांगा, आणि नाही मिळाली तर निम्मं बीज हाप्यात वाढवायचं, मी बांधून दाखवतो. बांबू आणि जुनं जाळं माझ्याकडं आहे.

पण यंदाचं बीज गेलं ते गेलं. त्याला आता कोण काही करू शकत नाही, आणि तो चिडलेला आहे तोवर कायदा पहिला काढू नका, हाप्याचं आधी काढा.

---

निवृत्त_कालवा | 21 ऑगस्ट

नावाडींचं ऐका, क्रम त्यांचाच बरोबर आहे. वनखात्याचा अर्ज मात्र याच आठवड्यात देऊन पोच घ्या आणि खिशात ठेवा. छोट्याची पिल्लं साधारण महिनाभरात घरटं सोडतात. अजून ज्या घरट्यांत अंडी आहेत ती पकडून सप्टेंबरअखेर बहुतेक बाभळी रिकाम्या होतील, म्हणजे 2 ऑक्टोबरच्या सभेत कुणीतरी नक्की म्हणणार, "आता पक्षी नाहीत, आता तोडा." त्याचं उत्तर आजच तयार ठेवा: नोंदवहीत तारखा, झाडांना रंगानं आकडे, आणि मुलांनी काढलेला नकाशा. रंग चुन्याचा नको, पावसात जातो.